आजी-आजोबा वाळत चाललेत? ओपीडीत कुपोषण हेरायची रीत

साठीपुढच्या रुग्णाचा कुठलाही जुना केसपेपर उघडा. बीपी लिहिलेलं असतं, शुगर लिहिलेली असते, गोळ्यांची यादी तर पान भरून असते. वजनाची जागा मात्र बहुधा कोरी सापडते. आणि नातेवाइकांनी ‘आजी लई वाळलीय हो’ म्हटलं, की आपण सहज म्हणून जातो, ‘वय झालंय आता.’

वय झालं म्हणून तीन महिन्यांत चार किलो वजन उतरत नाही. त्यामागे काहीतरी असतं. सोलापुरात नव्याने काम सुरू करणाऱ्या इंटर्न, सिस्टर, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि नवे जनरल प्रॅक्टिशनर यांच्यासाठी हे लिहितोय. कुपोषणाच्या चाळणीला, म्हणजे स्क्रीनिंगला, पाच मिनिटं पुरतात. तिचे आकडे पाठ करणं सोपं आहे, उत्तरं खरी काढणं अवघड आहे, म्हणून जास्त जागा तिथेच देतो.

कुपोषण म्हटलं की आपल्याला अंगणवाडीतलं मूल आठवतं. पण २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठ वर्षांपुढचे जवळपास २७ टक्के लोक कमी वजनाचे आढळले होते. शिवाय जाड दिसणारा माणूसही कुपोषित असू शकतो. त्याचं पोट दिसतं, मांड्या कधी आटल्या ते दिसत नाही.

पायरी पहिली: काटा आणि टेप

लागतं काय? एक वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी, न ताणणारी टेप आणि पेन. शिंप्याची कापडी टेप वापरत असाल तर ती आधी स्टीलच्या पट्टीला लावून बघा. वापरून वापरून ती ताणली जाते आणि पोटरीच्या मापात एक सेंटिमीटरचा फरक पडला तर पुढे दिलेल्या चाळणीत थेट तीन गुणांचा फरक पडू शकतो.

काटा कुठे ठेवताय याकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांत शहाबादी फरशी असते, ती क्वचितच सपाट असते. डिजिटल काट्याचा एक पाय अधांतरी राहिला की आकडा दर वेळी वेगळा येतो. खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका, जागा ठरवून टाका आणि दर आठवड्याला सीलबंद दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवून काटा तपासा.

वजन घेताना चप्पल, काठी, खांद्यावरची पिशवी बाजूला. आजोबांच्या बंडीच्या खिशात किल्ल्या, चंची, सुटे पैसे असतात, ते काढायला सांगा. आजीचं नऊवारी इरकल काही आपण बदलायला लावणार नाही, पण पुढच्या वेळीही साधारण तसंच लुगडं असेल याची नोंद ठेवली की तुलना करता येते. उंचीला फेटा आणि टोपी उतरवा. हे सांगावं लागतं यात हसण्यासारखं काही नाही. फेट्यासकट मोजलेली उंची मी केसपेपरवर पाहिली आहे.

कंबरेत वाकलेल्या किंवा खाटेवरच्या रुग्णाची उंची पट्टीवर घेऊ नका. हात आडवा, खांद्याच्या रेषेत सरळ धरायला सांगा आणि गळ्याखालच्या खळगीच्या मध्यापासून मधलं बोट व अनामिका यांच्यामधल्या बेचक्यापर्यंत अंतर मोजा. बाईसाठी या मापाला १.३५ ने गुणून ६०.१ मिळवा, पुरुषासाठी १.४० ने गुणून ५७.८ मिळवा. माप ६६ सेंटिमीटर आलं तर आजीची उंची साधारण १४९ सेंटिमीटर धरायची. हा अंदाज आहे, पण वाकलेल्या कण्याच्या मापापेक्षा बरा.

पायावर अंगठा दाबून सूज आहे का बघायला विसरू नका. सूज असेल तर वजन आणि पोटरी दोन्ही खोटं बोलतात. उलट लघवीची गोळी सुरू झाल्यावर आठवड्यात उतरलेले तीन किलो म्हणजे पाणी असतं, मांस नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना आलेल्या रुग्णात पाणी कमी पडलंय का तेही बघा. आधी पाणी भरून काढा, मग वजनावर विश्वास ठेवा.

पायरी दुसरी: सहा प्रश्न

वृद्धांसाठी जगभर चालणारी सोपी चाळणी म्हणजे एमएनए-एसएफ. सहा प्रश्न, एकूण १४ गुण. पुढे दिलेला काळ सगळीकडे मागच्या तीन महिन्यांचा आहे.

१. भूक, पचन, चावणं किंवा गिळणं यामुळे जेवण कमी झालं का? खूप कमी ०, थोडं कमी १, नाही २.
२. वजन उतरलं का? तीन किलोपेक्षा जास्त ०, माहीत नाही १, एक ते तीन किलो २, नाही ३.
३. हालचाल? खाट किंवा खुर्चीलाच खिळलेले ०, घरात फिरतात पण बाहेर पडत नाहीत १, बाहेर जातात २.
४. मोठा मानसिक धक्का किंवा अचानक मोठं आजारपण? हो ०, नाही २.
५. स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य? तीव्र ०, सौम्य स्मृतिभ्रंश १, नाही २.
६. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग)? १९ च्या खाली ०, १९ ते २१ च्या आत १, २१ ते २३ च्या आत २, २३ आणि पुढे ३.

बीएमआय काढताच येत नसेल तरच सहाव्या प्रश्नाऐवजी पोटरी मोजा. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी ०, ३१ किंवा जास्त ३. रुग्णाला पाय लोंबकळत ठेवून बसवा, टेप पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती फिरवा, मांस दबू देऊ नका. थोडं वर आणि थोडं खाली मोजून सगळ्यात मोठा आकडा घ्या. स्नायू घटल्याची आशियाई चाळणी पुरुषांना ३४ आणि बायकांना ३३ सेंटिमीटर धरते, तो आकडा इथे मिसळू नका. ते वेगळं काम आहे.

बेरीज १२ ते १४ आली तर ठीक. ८ ते ११ म्हणजे धोका. ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण.

पायरी तिसरी: उत्तर कसं काढायचं

‘जेवता का बरोबर?’ असं विचारलं की शंभरातल्या नव्वद आज्या ‘जेवते की’ म्हणतात. त्यात खोटं काही नसतं, दोन घास खाल्ले तरी ते जेवणच. म्हणून आकडा मागा. ‘काल सकाळी किती भाकरी? रात्री किती? पूर्वी किती खात होता?’ दीड भाकरीवरून पाऊण भाकरीवर आलेला माणूस ‘जेवतो’ म्हणेल, पण त्याचं जेवण निम्म्यावर आलेलं असतं. चहा किती वेळा होतो आणि त्याबरोबर काय खातात तेही विचारा. दात गेलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसाची संध्याकाळ कितीदा तरी चहा-खारीवरच भागते.

तीन महिने म्हणजे किती, हे कॅलेंडरवरून कुणाला आठवत नाही. सणावरून आठवतं. एप्रिलमध्ये विचारताय तर गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा: ‘गड्ड्याच्या वेळी कशी होती तब्येत? यात्रेला चालत गेला होता का?’ ऑक्टोबरमध्ये विचारताय तर आषाढी वारी. उत्तर लगेच सापडतं आणि सोबत आलेला मुलगाही दुजोरा देतो.

वजनाच्या प्रश्नात नवखे लोक ‘माहीत नाही’ला घाईने टिक करतात. तसं करू नका. एक ते तीन किलो उतरलेल्याला दोन गुण आणि न कळणाऱ्याला एकच, म्हणजे तुमच्या आळसाचा गुण रुग्णाचा जातो. नातेवाईक बहुधा कागदांची एक पिशवी घेऊन आलेले असतात. ती ओता. जुनं डिस्चार्ज कार्ड, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची तपासणी, कुठल्यातरी शिबिरातली चिठ्ठी, यातून एखादं जुनं वजन निघतंच. नाहीच निघालं तर कपड्यांना विचारा. पोलकं ढगळ झालं का? बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का? पट्ट्याला नवं भोक पाडलं का? कवळी सैल झाली का? कवळी सैल झाली की जेवण आणखी घटतं, हे चक्र तिथेच सापडतं.

बाहेर पडण्याचा प्रश्न उन्हाळ्यात जपून विचारा. मे महिन्यात दुपारी सोलापुरात धडधाकट माणूसही घराबाहेर पडत नाही. ‘ऊन उतरल्यावर देवळापर्यंत, किराणा दुकानापर्यंत जाता का’ असं विचारा.

चौथा प्रश्न नुसत्या आजारपणाचा नाही. जोडीदार गेला, मुलगा पुण्याला गेला, घर बदललं, हे सगळं त्यात येतं. जुन्या वस्तीतून कुंभारीच्या रे नगरसारख्या नव्या वसाहतीत गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला पक्कं घर मिळतं, पण रोजच्या ओळखीची आळी सुटते. तो धक्का आहे की नाही हे त्यालाच विचारा.

भाषेचंही भान ठेवा. पूर्व भागात तेलुगू घराघरांत आहे, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड. सून दुभाषी झाली तर उत्तर सुनेचं मिळतं. ती मुद्दाम खोटं बोलते असं नाही, पण ‘तुम्ही शेवटी जेवता का, उरलंसुरलं खाता का, हातात पैसे असतात का’ हे सुनेसमोर कुठली सासू सांगेल? भाषा येणाऱ्या सिस्टरला किंवा मावशींना बोलवा आणि दोन मिनिटं आजीशी एकटीशी बोला. घरच्यांना फैलावर घेऊ नका, पुढचं सगळं त्यांच्याच हातून व्हायचं असतं. खरोखर हेळसांड किंवा मारहाण दिसली तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

एक हिशोब करून बघू

समजा, ६८ वर्षांची विडी कामगार बाई आली. गुडघे दुखतात म्हणून आलीय, वजनाची तक्रारच नाही. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते, वळलेल्या विड्यांचा हप्ता ठरल्या दिवशी कारखान्यात द्यायला चालत जाते. वजन ४२ किलो, उंची १४८ सेंटिमीटर, बीएमआय १९.२. नवखा डॉक्टर कमी वजनाची १८.५ ची रेषा आठवून म्हणेल, नॉर्मल.

आता पिशवीतल्या चिठ्ठीवर तीन महिन्यांपूर्वीचं वजन ४६ निघालं. नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला. भाकरी दोनावरून दीडवर आलीय. गुण मांडा: जेवण १, वजन ०, हालचाल २, धक्का ०, मन-स्मृती २, बीएमआय १. बेरीज ६. ही बाई कुपोषणाच्या गटात आहे आणि आपण तिला गुडघ्याची गोळी देऊन पाठवणार होतो.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी २०१९ चे ‘ग्लिम’ निकष आहेत: शरीरावरची एक खूण आणि मागचं एक कारण, दोन्ही हवीत. खूण म्हणजे सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं, किंवा कमी बीएमआय (आशियाई लोकांत सत्तरीच्या आत १८.५ च्या खाली, सत्तरी आणि पुढे २० च्या खाली), किंवा स्नायू घटणं. कारण म्हणजे खाणं किंवा पचणं कमी होणं, अथवा दाह निर्माण करणारा आजार. आपल्या बाईचं वजन ४६ मधले ४, म्हणजे ८.७ टक्के घटलं आणि जेवण कमी झालंय. निदान पक्कं. १० टक्क्यांच्या आत असल्याने मध्यम दर्जाचं.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. जन्मभर किरकोळ बांध्याचा, बीएमआय १८ असलेला, बाकी ठणठणीत विणकर आजोबा आला तर पाच प्रश्नांत ११ आणि सहाव्यात ०. म्हणजे ‘धोका’. इथे घाबरवू नका. वजन स्थिर असेल तर नोंद करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघा. मला विचाराल तर एकाच वजनापेक्षा दोन वजनांमधला फरक जास्त बोलतो.

पायरी चौथी: कारण शोधा

इथे बरेच जण अल्ब्युमिन पाठवतात आणि ते कमी आलं की ‘प्रोटीन पावडर’ लिहितात. अल्ब्युमिन दाहात, जंतुसंसर्गात, यकृत-मूत्रपिंडाच्या आजारात कमी होतं. कुपोषण मोजायचं ते माप नाही. त्या पैशांत काटा दुरुस्त करा.

आधी तोंड उघडायला सांगा. मिश्री आणि तंबाखू आपल्याकडे बायकांतही भरपूर. पांढरे चट्टे, भरत नसलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, हलणारे दात, यातलं काही असेल तर कडक भाकरी खाणार कशी? पाणी पिताना ठसका लागतो का, पोट साफ होतं का, हे विचारा.

मग गोळ्यांची पिशवी. मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन, थिओफिलिन, डोनेपेझिल, लोहाच्या गोळ्या, या भूक मारतात किंवा मळमळ आणतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ही बघा.

मग टीबी. वजन उतरणं, बारीक ताप, खोकला, यातलं एकही असेल तर थुंकी आणि छातीचा एक्स-रे टाळू नका. वृद्धांत खोकला ठळक नसतो, नुसती भूक गेलेली असते. टीबी निघाला तर निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोंदणी करून द्या. बाकी हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड या नेहमीच्या तपासण्या. कर्करोगाची शंका इतिहासावरून घ्यायची, आणि हृदय किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तोही भूक खातो.

आणि पथ्य! याबद्दल थोडं रागानेच लिहितो. एका डॉक्टरने शुगरसाठी भात बंद केला, दुसऱ्याने युरिक अॅसिडसाठी डाळ बंद केली, तिसऱ्याने कोलेस्टेरॉलसाठी शेंगदाणे आणि अंडं बंद केलं, शेजारणीने दही वातूळ म्हणून तोडलं. उरलं काय? अर्धी भाकरी आणि दोडक्याची पातळ भाजी. पंचाहत्तरीत वजन उतरत असताना पथ्याची यादी पुन्हा एकदा बसून तपासणं हे औषध लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं ठरवताना तज्ज्ञाला विचारा, बाकीचं बरंचसं सोडवता येतं.

पायरी पाचवी: ताटात काय वाढायचं

वृद्धाला दिवसाला किलोमागे किमान १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३० किलोकॅलरी लागतात. आजारी किंवा कुपोषित असेल तर प्रथिनं १.५ ग्रॅमपर्यंत. आपल्या ४२ किलोच्या बाईला किमान ४२ ते ५० ग्रॅम हवीत, ती कुपोषित असल्याने ६३ पर्यंत. सोलापुरी स्वयंपाकात त्यातली किमान गरज सहज बसते: तीन मध्यम ज्वारीच्या भाकरी साधारण १८ ग्रॅम, दोन वेळची घट्ट आमटी १४, मूठभर शेंगदाण्याचा कूट ७, पेलाभर दूध ६. झाले ४५. अंडं खात असेल तर एकामागे ६ ग्रॅम वर.

तीन भाकरी जात नसतील तर तेवढ्याच घासात जास्त घाला. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्या, वर चमचाभर तूप. शेंगाचटणी तोंडाला झोंबत असेल तर तिखट न घालता नुसता कूट दह्यात कालवा. आंबिलीत ताक जास्त, पिठलं घट्ट, खिचडीत डाळ तांदळाच्या बरोबरीने. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी. जेवणाआधीचा चहा जेवणानंतर.

उपवास सोडा म्हणू नका, ऐकणार नाहीत आणि पुढच्या वेळी सांगणारही नाहीत. पंढरपूर इतकं जवळ असताना एकादशीवर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दिवशी राजगिरा, दूध, दही, शेंगदाणे खायचे हे ठरवून घ्या. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्याला दिवसातून दोनदा दूध तरी चालतं का ते विचारा.

पावडरचा डबा कधी? घरचं खाणं वाढवूनही वजन उतरतंय, किंवा भरतीतून नुकतीच सुटका झालीय तेव्हा. पण मग दिवसाला किमान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळतील इतकी, महिनाभर तरी. दुधात एक चमचा टाकून मनाचं समाधान होतं, रुग्णाचं वजन वाढत नाही. डब्याची किंमत ऐकून कुटुंब दूध-अंडी बंद करणार असेल तर डबा लिहूच नका.

जेवणाबरोबर हालचाल हवी. खुर्चीतून हात न टेकता उठबस, दिवसातून दोनदा जमेल तितकी. प्रथिनं खाऊन दिवसभर खाटेवर पडलं तर स्नायू परतत नाहीत.

अन्नच घरात नसेल तर आहारतक्ता लिहून काय उपयोग? रेशनकार्ड चालू आहे का, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात का, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून धान्य अडलंय का, हे विचारा आणि आशाताईंना सोबत घ्या.

सलाईनचं काय करायचं

‘डॉक्टर, ताकदीचं एक सलाईन लावा’ हे रोज ऐकाल. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साधारण ८५ किलोकॅलरी असतात आणि प्रथिनं शून्य. म्हणजे अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी. हा हिशोब नातेवाइकांना तोंडी सांगा, पटतो.

उपाशी माणसात तर ते धोक्याचं. बीएमआय १६ च्या खाली, सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन गेलेलं, दहा दिवसांहून जास्त जवळपास काहीच न खाल्लेलं, किंवा पोटॅशियम-फॉस्फेट-मॅग्नेशियम आधीच कमी, यातलं एक जरी असेल तरी एकदम भरपूर ग्लुकोज किंवा अन्न दिल्यावर फॉस्फेट कोसळतं आणि हृदयाची लय बिघडते. अशा रुग्णाला आधी थायमिन द्या, खाणं दिवसाला किलोमागे १० किलोकॅलरीपासून हळूहळू वाढवा, क्षार रोज तपासा. हे ओपीडीत करायचं काम नाही, सिव्हिलला किंवा जिथे क्षार रोज तपासता येतील तिथे भरती करा.

वॉर्डात असाल तर एमएनए-एसएफऐवजी ‘मस्ट’ जास्त भरभर होतं: बीएमआय, वजनघट आणि पाच दिवसांहून जास्त उपाशी राहावं लागणारं आजारपण, या तीन गोष्टींना ० ते २ गुण. दोन किंवा जास्त आले की आहारतज्ज्ञाला बोलवा. भरतीत दर आठवड्याला पुन्हा करा.

पायरी सहावी: लिहा आणि परत बोलवा

केसपेपरवर एवढं तरी लिहा: तारीख, वजन, उंची (पट्टीवर की हाताच्या मापावरून), सूज आहे-नाही, सहा गुण सुटे आणि बेरीज, सापडलेलं कारण, पुढची तारीख. बेरीज एकटी लिहिली तर पुढच्या डॉक्टरला काय सुधारलं ते कळत नाही. तेच वजन रुग्णाच्या घरच्या वहीत किंवा गोळ्यांच्या पाकिटावरही लिहून द्या, कारण पुढच्या वेळी तो तुमच्याकडेच येईल असं नाही.

कुपोषणाच्या गटातल्याला दोन आठवड्यांनी बोलवा. धोक्याच्या गटातल्याचं वजन महिन्याने आणि पूर्ण चाळणी तीन महिन्यांनी. १२ किंवा जास्त असलेल्याची वर्षातून एकदा, आणि मधे ऑपरेशन, पडणं, घरातलं मरण किंवा मोठा ताप झाला तर तेव्हाच. दोन आठवड्यांनी बोलावलेली बाई आली नाही तर तिचं नाव आशाताईंकडे द्या. विड्यांच्या हप्त्याच्या दिवशी बोलावलं असेल तर ती येणारच नाही, तारीख देताना तो वार आधी विचारून घ्या.